मातीखालची बेगमी

दिवाळी उलटली की घरी बाग करणाऱ्यांचे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात. कुंडीतली हळद पिवळी पडली, खत घालू का? फुटबॉल लिलीची पानं लोळायला लागली, कीड असेल का? सुरणाचं झाड आठवड्याभरात आडवं झालं, पाणी कमी पडलं का? मार्च-एप्रिलात याच प्रश्नांचं दुसरं टोक येतं. रोज पाणी घालूनही काही उगवलं नाही, उकरून पाहिलं तर आत काळपट लगदा. पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा झाड बहुधा ठणठणीत असतं, दुसरा विचारला जातो तेव्हा ते गेलेलं असतं. मधल्या चार महिन्यांत त्याला मारतं ते बहुतेक वेळा काळजीपोटी घातलेलं पाणी.

म्हणून एक विनंती. कंदाच्या झाडाची निगा फुलावरून किंवा पानांच्या टवटवीवरून ठरवू नका. मातीखालचा साठा सध्या भरतो आहे, नुसता पडून आहे की खर्च होतो आहे, एवढं आधी ओळखा. पाणी, खत, कापणी, उकरणी हे सगळे निर्णय त्यानंतर आपोआप सुटतात.

साठा कशासाठी, आणि मातीखालीच का

मृगाच्या आधी घरात धान्य, सरपण, पापड-कुरडया भरून ठेवायच्या आणि पावसाचे चार महिने त्यावर काढायचे, ही आपली बेगमी. सह्याद्रीच्या पठारावरची झाडं नेमका उलटा हिशेब करतात. त्यांचे कमाईचे महिने पावसाचेच, आणि बेगमी लागते ती उरलेल्या आठ महिन्यांसाठी. साताऱ्याजवळचं कासचं पठार पाहा. जांभ्या दगडाच्या खोलगट जागांत काही बोटं माती, जुलैत ती पाण्याखाली आणि फेब्रुवारीत तापलेल्या तव्यासारखी. इथला वायतुरा, दीपकाडी आणि सह्याद्रीत इतरत्रही दिसणारा सापकांदा पावसात पानं काढतात, फुलतात, बी टाकतात आणि थंडी संपायच्या आत वरून नाहीसे होतात. पानच नाही म्हटल्यावर उन्हानं पाणी उडायचं कारण उरत नाही, शेळीला खायला काही सापडत नाही, वणवा आला तरी वरून निघून जातो. वरची माती भाजत असताना वीतभर खाली तापमान बरंच स्थिर असतं. पानांनी उन्हात तयार केलेली साखर खाली उतरून बहुतेक कंदांत स्टार्चच्या रूपानं राहते. कांद्यात ती विरघळणाऱ्या शर्करांच्या रूपात असते, डेलियात इन्युलिन म्हणून. रूप कुठलंही असो, त्या शिदोरीच्या शेजारी एक जिवंत डोळा असतो, आणि पुढच्या वर्षीचं सगळं झाड त्या डोळ्यात असतं.

हा साठा किती खरा आहे हे बघायला प्रयोगशाळा नको. फुटबॉल लिली, जिला काही घरांत मे फ्लॉवर म्हणतात, ती एप्रिल-मेच्या कोरड्या मातीतून बहुतेकदा पान यायच्या आधीच लाल चेंडू वर काढते. जूनमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत जुड्या बांधून येणारं शेवळं हे सुरणाच्या रानटी भाऊबंदाचं फूलच आहे, आणि तेही पानाआधी उगवतं. टोपलीत विसरलेल्या सुरणाला पाणी-मातीविना कोंब येतो तो तुम्ही पाहिलाच असेल. या फुलांना आणि कोंबांना अन्न पुरवायला त्या क्षणी एकही हिरवं पान नसतं. ते अन्न आलेलं असतं मागच्या पावसाळ्यातल्या पानांकडून. म्हणजे येत्या मे महिन्यात लिली फुलणार की नाही, याचा निकाल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागत असतो, जेव्हा फूल संपलेलं असतं आणि त्या कुंडीकडे कुणाचं लक्ष नसतं.

तुमच्याकडे नक्की काय आहे ते ओळखा

वनस्पतिशास्त्रातले प्रकार पाठ करायची गरज नाही. पण डोळा कुठे असतो ते कळलं नाही तर कंद वेगळे करताना किंवा विकत घेताना हमखास फसगत होते.

- पाकळ्यांचा कांदा: कांदा, लिली, ट्युलिप. पाकळ्या म्हणजे पानांचे जाड झालेले तळ. डोळा मधोमध आणि तळाशी चकती. चकती कुजली तर बाकी सगळा कांदा वरून चांगला असूनही उपयोगाचा नाही.
- आडवं वाढणारं खोड: हळद, आलं, कर्दळ. कांड्यांवर डोळे दिसतात. प्रत्येक तुकड्यावर एक-दोन टपोरे डोळे असले की पुरे.
- भरीव गड्डा: सुरण, अळू, ग्लॅडिओलस. मुख्य डोळा वर, मध्यभागी. सुरणाच्या फोडी करताना प्रत्येक फोडीला त्या मधल्या भागाचा थोडा वाटा यायला हवा.
- बटाटा: हेही खोडच. खळग्यांतले डोळे सर्वांना ठाऊक आहेत.
- फुगलेली मुळं: डेलिया, शतावरी, सफेद मुसळी. इथे सर्वांत जास्त चूक होते. मुळात साठा भरपूर, पण डोळे मुळांवर नसतात. ते मुळं जिथे खोडाला मिळतात त्या मानेवर असतात. मानेचा तुकडा न घेता तोडलेलं डेलियाचं मूळ मातीत महिनोन्‌महिने टणक राहील, कोंब कधीच येणार नाही.

रताळंही मूळच, पण त्याला मुळावरूनही कोंब फुटतात. लागवड तशीही वेलाच्या तुकड्यांनी होते, त्यामुळे घरच्या बागेत हा प्रश्न येत नाही.

पानं हिरवी आहेत तोवर

फूल गेल्यावर झाडाचं काम संपलं अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि कंदाच्या झाडांच्या बाबतीत तीच सर्वांत महागात पडते. फूल सुकल्यावर त्याचा देठ कापायला हरकत नाही, उलट बी धरण्यात जाणारं अन्न वाचतं. पानांना मात्र हात लावू नका. ती विस्कटलेली दिसतात म्हणून त्यांची गाठ मारणं, अर्ध्यातून कापणं, कुंडी जिन्याखाली सरकवून देणं, या तिन्हीचा परिणाम एकच: भरतीच्या काळात आवक थांबते. कुंडी डोळ्यांआड ठेवायची असेल तर ठेवा, पण उन्हात ठेवा. 'दोन वर्षं फुलली, आता नुसती पानं येतात' ही तक्रार बहुधा सावलीतल्या किंवा पानं कापलेल्या झाडाची असते. साठा दर वर्षी थोडा थोडा घटत जातो आणि एका वर्षी तो फुलाला पुरत नाही.

सुरणाचं उदाहरण यात सर्वांत बोलकं आहे. ज्याला आपण सुरणाचं खोड समजतो तो ठिपक्याठिपक्यांचा दांडा एका पानाचा देठ असतो आणि वरची छत्री म्हणजे त्याच पानाचे भाग. वर्षभराची कमाई बहुधा त्या एका पानावर असते. शिवाय लावलेला गड्डा जसाच्या तसा मोठा होत नाही. तो कोंब आणि मुळं घडवण्यात खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा गड्डा तयार होतो. वाऱ्यानं किंवा चेंडूनं तो दांडा ऑगस्टमध्ये मोडला तर झाड दुसरं पान काढायचा प्रयत्न करतं, पण उरल्यासुरल्या साठ्यातून. मग काढणीला हाती येणारा गड्डा लावलेल्या गड्ड्यापेक्षा लहान निघू शकतो. म्हणून सुरणाला खतापेक्षाही आधाराची काठी आणि आडोसा आधी द्या.

पानं खाण्याची असतात तिथे तुम्हाला निवड करावी लागते. अळूची पानं वड्यांसाठी आणि फतफत्यासाठी सतत खुडत राहिलात तर खाली अरवी लहान राहणार. दोन्ही हवं असेल तर दोन वाफे करा, एक पानांचा आणि एक गड्ड्यांचा. हळदीच्या पानांचं तसंच. श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांसाठी पानं लागतात ती नेमक्या भरतीच्या दिवसांत, कोकण-गोव्यात तर घरोघरी. ती काढूच नका असं म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. एका फुटव्याचं एकच पान घ्या, खालचं, पूर्ण वाढलेलं; वरची कोवळी सुरळी राहू द्या.

या काळातली बाकीची कामं थोडक्यात:

- सुरुवातीच्या वाढीला शेणखत किंवा गांडूळखत. पानं पूर्ण उघडल्यावर नत्र कमी करून पालाश वाढवा. चुलीची राख चिमटीचिमटीनं चालते, ढिगानं नाही.
- हळद-आल्याला लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी भरणी करा. उघडे पडलेले गड्डे मातीनं झाकले नाहीत तर उन्हानं हिरवट होतात आणि नीट पोसत नाहीत.
- पावसाचं पाणी साचू देऊ नका. शेतकरी गादीवाफा करतात तो यासाठीच. कुंडीत तेच काम तळाच्या भोकांनी आणि खापराच्या तुकड्यांनी होतं.

पिवळं पान: आजार की झोप?

झाड झोपायला निघालं की पानातला उपयोगी माल, नत्रासकट, आधी खाली ओढून घेतं आणि मग पान सोडून देतं. पिवळेपणा हा त्या आवराआवरीचा रंग आहे. त्यात घातलेलं खत कुणी घेणारं नसतं. पण पिवळं पान आजाराचंही असू शकतं, आणि दोहोंत फरक करता यायला हवा. कार्तिक-मार्गशीर्षात, लागवडीला सात-आठ महिने झाल्यावर, सगळे फुटवे थोड्याफार अंतरानं टोकाकडून आणि कडेकडून पिवळे होत असतील आणि माती बाजूला करून दाबल्यावर गड्डा टणक लागत असेल, तर ती झोप. ऐन पावसात एखादाच फुटवा पिवळा पडला, हलकेच ओढताच तो हातात आला आणि बुंध्याशी कुजका वास असेल, तर ती कंदकूज. अशा वेळी तो गड्डा आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका, आणि उरलेल्यांचा निचरा त्याच दिवशी सुधारा.

झोप आहे असं ठरलं की क्रम असा ठेवा:

१. पहिली पानं पिवळी दिसताच पाण्यातलं अंतर वाढवा. रोजचं पाणी तीन-चार दिवसांवर, मग आठवड्यावर.
२. निम्म्याहून अधिक पानं वाळली की पाणी पूर्ण बंद करा. खत त्याच्या कितीतरी आधी थांबलेलं असावं.
३. पान हलक्या हातानं ओढल्यावर सुटून येईल तेव्हाच काढा. सुटत नसेल तर अजून देवघेव चालू आहे.
४. कुंडीवर झाडाचं नाव आणि शेवटचं पान गेल्याची तारीख लिहून चिठ्ठी लावा. रिकामी समजून याच कुंडीत दुसरं रोप लावण्याचा अपघात त्यानं टळतो.

झोपलेल्याला पाणी का नको

पाणी वर खेचायला पानं लागतात. पान नसलेली कुंडी घातलेलं पाणी धरून बसते. बऱ्याच जातींत मुळंही या काळात मेलेली किंवा निष्क्रिय असतात. दुसरीकडे कंद जिवंत आहे, म्हणजे तो श्वास घेतो, मंदपणे का होईना. ओल्या, दाबून बसलेल्या मातीत हवा शिरत नाही, कंद गुदमरतो, साल मऊ पडते आणि बुरशीला वाट मिळते. नाशिक-पुण्याकडची कांदाचाळ पाहिलीत तर ही गोष्ट बांधकामातच दिसेल: जमिनीपासून उचललेला तळ, फटीफटींच्या भिंती, खालून आणि बाजूंनी वारा. रब्बीचा कांदा महिनोन्‌महिने टिकतो तो आधी नीट सुकवल्यामुळे आणि या वाऱ्यामुळे. मग तुमच्या कुंडीतल्या कंदाला प्लास्टिकच्या बशीत उभं करून पाणी का द्यायचं?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. डोंगरावर डिसेंबरात अवकाळी पाऊस पडतो, तेव्हा तिथले कंद मरत नाहीत, मग कुंडीतला एवढा नाजूक कसा? फरक पाण्याच्या थेंबात नसून त्याच्या मुक्कामात आहे. उतारावरची पातळ, दगडगोट्यांची माती दोन दिवसांत पुन्हा कोरडी होते. गच्चीवरची कुंडी, त्यातही प्लास्टिकची, आठवडा आठवडा ओली राहते. एखाद्या सरीला घाबरू नका. अशी सर आलीच तर कुंडी आडवी करून ठेवा, एवढं पुरे.

दुसरा आक्षेप कांदा उत्पादकांच्या अनुभवातून येतो. शेतकरी पात सुकून जाईपर्यंत थांबत नाही, निम्म्या माना पडल्या की काढणीला लागतो, मग आम्ही शेवटच्या पानापर्यंत का थांबायचं? मान पडणं म्हणजेच पात आणि कांदा यांच्यातली वाहतूक जवळजवळ संपल्याची खूण आहे, म्हणजे शेतकरीही भरती संपायचीच वाट पाहतो. शिवाय त्याला तो कांदा विकायचा आहे, तुम्हाला तोच कंद पुढच्या वर्षी फुलवायचा आहे. हळदीच्या शेतात पाला वाळू देऊन मगच काढणी होते. घरच्या बागेनं तिचा धडा घ्यावा.

तिसरा आक्षेप असा, की आमची कर्दळ आणि स्पायडर लिली बाराही महिने हिरवी असते, ती कुठे झोपते? बरोबर आहे, सगळी कंदवाली झाडं झोपतात असं नाही. काहींना कोरड पडली तरच झोप लागते, पाणी मिळत राहिलं तर ती जागीच राहतात. कर्दळ आणि स्पायडर लिली यांतल्याच. हळद, सुरण, फुटबॉल लिली यांची झोप मात्र पाण्यावर अवलंबून नसते, हंगाम भरला की ती झोपणारच, आणि जास्त पाणी घालून त्यांना जागं ठेवता येत नाही. तुमचं झाड कोणत्या गटातलं हे कळत नसेल तर त्यालाच ठरवू द्या: पानं ताठ हिरवी असतील तर पाणी चालू ठेवा, पिवळी पडू लागली तर बंद करा. घरात शोभेला ठेवलेलं झेडझेड हे तिसऱ्याच तऱ्हेचं. पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या भागातून आलेलं, बटाट्यासारखे गड्डे मातीत ठेवून पाणी आणि अन्न दोन्ही साठवणारं. त्याला बारा महिने पानं असतात, तरी माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. कचेऱ्यांमधली ही झाडं तहानेनं सहसा मरत नाहीत.

उकरायचं की मातीतच ठेवायचं

कुंडी पावसापासून आडोशाला नेता येत असेल, माती निचऱ्याची असेल आणि गड्डे एकमेकांना रेटत नसतील, तर उकरू नका. मातीतला कंद आपली खोली स्वतः साधतो. ग्लॅडिओलसमध्ये नवा गड्डा जुन्याच्या डोक्यावर तयार होतो, म्हणजे दर वर्षी तो वर यायला हवा. पण काही जाड मुळं आकसतात आणि गड्ड्याला पुन्हा खाली ओढून घेतात. हे काम बिघडवायला सबळ कारण हवं. ते असं: गर्दी झाली आहे, कंदकूज दिसली आहे, घुशी लागल्या आहेत, किंवा खायला हवं आहे. अशा वेळी:

- माती कोरडी असताना, बुंध्यापासून लांब खुरपं घालून काढा. खरचटलेले कंद वेगळे ठेवा आणि आधी खाऊन टाका.
- धुऊ नका. माती झटका आणि चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवा.
- हळद-आल्याचं बेणं सावलीत थर लावून, वर वाळला पाला किंवा कोरडी वाळू टाकून ठेवा. आल्याला अगदी ठणठणीत कोरडं मानवत नाही, ते आक्रसतं, म्हणून वाळू.
- बंद प्लास्टिकची पिशवी कधीच नको. कंदांनी सोडलेली वाफ आत साचते. गोणपाट, टोपली, कागद चालेल.
- दर पंधरा दिवसांनी हात फिरवा, मऊ पडलेला कंद त्याच वेळी काढा.

फ्रिजमध्ये ठेवावं का, असंही विचारलं जातं. बटाट्यापुरतं उत्तर ठाम आहे: नको. गारव्यात त्याच्या स्टार्चची साखर होऊ लागते, चव गोडसर होते आणि तळताना तो लवकर काळवंडतो. ट्युलिपचं मात्र उलटं. त्याला फुलायच्या आधी बारा आठवडे किंवा त्याहून अधिक थंडी लागते. थंडीत बाजारात येणारे ट्युलिपचे कंद ती थंडी आधीच घेऊन आलेले असतात आणि फुलाची कळी त्यांच्या पोटात तयार असते, म्हणून ते पुण्या-मुंबईतही एकदा फुलतात. ते फूल दुसऱ्याच्या शेतातल्या कमाईवर आलेलं आहे. पुढच्या वर्षी ते पुन्हा यावं म्हणून कुंडी जपण्यात तुमचं वर्ष घालवू नका. त्या जागेत निशिगंध लावा.

बेणं विकत घेताना, आणि फसवणूक झाल्यास

कंद हातात घेऊन दाबून पाहा. तो आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे, डोळा शाबूत हवा, मुळाच्या प्रकारात मान हवी. घरपोच आलेल्या पाकिटातून सुकलेली मुळं निघाली तर उघडतानाच छायाचित्र काढा. शेतकऱ्यांसाठी पैशांचा प्रश्न मोठा असतो, कारण हळद-आल्याचं बेणं एकरी क्विंटलांत लागतं. लक्षात ठेवण्यासारखे हक्क असे:

- १९६६च्या बियाणे कायद्यात 'बियाणे' या शब्दात खाद्यपिकांचे कंद आणि गड्डेही येतात. अधिसूचित वाणांच्या विक्रीला त्यातले उगवण आणि शुद्धतेचे नियम लागू होतात.
- वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ यानुसार शेतातलं बेणं राखून ठेवणं, पुन्हा लावणं, अदलाबदल करणं आणि विकणं हा तुमचा हक्क आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. नोंदणी झालेल्या वाणानं सांगितलेला गुण दाखवला नाही तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.
- बियाणं घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये स्पष्ट केलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही.

यासाठी पावती, पिशवीवरची चिठ्ठी आणि थोडं शिल्लक बेणं जपून ठेवा. उगवण झाली नाही तर शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा. शेत नांगरून टाकल्यावर पुरावा उरत नाही, आणि प्रकरणं तिथेच ढासळतात.

रानातले कंद

पठारावरून एखादा कंद उकरून घरी लावावा असा मोह होतो. तो आवरा, आणि कारण पुन्हा साठ्याचंच आहे. फूल खुडलं तर झाडाचं एका वर्षाचं बी जातं. कंद उपटला तर अनेक पावसाळ्यांत जमवलेली पुंजी आणि पुढचं सगळं झाड जातं. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांवरच उरल्या आहेत, आणि त्यांचे कंद खाल्ले जातात हे त्यामागचं एक कारण आहे. अभयारण्यातून आणि राखीव वनातून परवानगीशिवाय असं काही आणणं गुन्हाही आहे. कास तर २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे.

हा नियम सगळ्यांना सारखा नाही, आणि तसा तो नसावाच. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळं आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. तुम्ही या समाजांपैकी असाल आणि कुणी अडवत असेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जा आणि सामूहिक हक्काच्या दाव्याची प्रत मागा.

खाण्याच्या बाबतीत सावधगिरी सगळ्यांनीच बाळगावी. एवढं अन्न एका जागी ठेवायचं तर त्याला पहाराही लागतो, आणि कंदांचा पहारा रसायनांचा असतो. सुरण-अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून चिंच, आमसूल. शेवळासोबत काकडं शिजवतात ती याच खाजेवर. कडू करांदे राखेत उकळून, पुन्हा पुन्हा धुऊन खाणाऱ्यांचं ज्ञान पिढ्यांचं आहे, पाककृती वाचून ते करू नका. कळलावीच्या बाबतीत तर प्रयोगच नको. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, तो रताळ्यासारखा किंवा कणग्यासारखा दिसू शकतो, आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. त्रास काही तासांनी उलट्या-जुलाबांनी सुरू होतो. वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्या आणि कंदाचा उरलेला तुकडा बरोबर घ्या. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या अंगणात ही वेल लावू नका, फूल कितीही देखणं असलं तरी.

जाग आल्यावर

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कोरड्या कुंडीच्या मातीला तडा जाऊन टोक दिसू लागतं. घाईनं बादली ओतू नका. हा कोंब अजून जुन्या साठ्यावर वाढतो आहे आणि त्याची मुळं नुकती सुटताहेत. पहिलं पाणी कोंब बोटभर झाल्यावर द्या, माती जेमतेम ओलसर होईल इतकं. दुसरं द्यायला वरची माती पुन्हा वाळू द्या. पान पूर्ण उघडलं की नेहमीचं पाणी आणि पहिलं शेणखत. मे संपत आला तरी एखाद्या कुंडीत काहीच दिसत नसेल तर बोटानं माती उकरून गड्डा दाबून पाहा. टणक लागला तर पुन्हा झाकून ठेवा. पहिल्या पावसापर्यंत थांबायला त्याच्यापाशी पुरेसं असतं.